बडग्याची पाच मिनिटं

आमच्या गल्लीत बडग्याला जाळण्याआधी पाच मिनिटं बोलू देत. नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी विचारतो, बडग्या म्हणजे काय, आणि मग विचारतो, पुतळा बोलतो कसा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लहान पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात आणि शहरातून मारबतीची मिरवणूक निघते. मारबत ही बाई, बडग्या हा बाप्या. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, तो नाचवत, शिव्या देत न्यायचा आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत वस्तीबाहेर जाळायचा. एखाद्या वर्षी महागाईचा बडग्या, एखाद्या वर्षी भेसळीचा. शहरातले मोठे बडगे मोठ्या मंडळांचे, दोन मजली उंचीचे. आमचा गरिबाघरचा. तो हातगाडीवर बसून गल्लीच्या टोकाच्या मैदानापर्यंत जाई आणि तिथंच त्याचं आटोपे.

पण आमच्या बडग्याला जो मान होता तो त्या दोन मजलीवाल्यांनाही नव्हता. काडी लावण्याआधी गल्लीतलं कोणीतरी गाडीवर चढून बडग्याच्या वतीनं बोलायचं. कोर्टात चोरालाही बोलू देतात, मग यानं काय पाप केलं, असं कोण्या जुन्या माणसानं म्हटलं आणि रीत पडली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष शामरावकाका हे रेल्वेतले निवृत्त गार्ड. नोकरी सुटली तरी शिट्टी आणि दोन झेंड्या त्यांच्या घरीच राहिल्या होत्या. ते शिट्टी वाजवून तीनदा विचारत, "बडग्याकडून कोण बोलणार?" हिरवी झेंडी दाखवली की बोलणं सुरू, लाल दाखवली की बंद. मध्ये मोजून पाच मिनिटं. तेवढ्या वेळात बडग्यानं लोकांना हसवायचं, चिडवायचं, आपली बाजू मांडायची, आणि लोकांनी त्याला शेंगांची टरफलं फेकून मारायची.

लागोपाठ तीन वर्षं हे काम माझ्या भावानं केलं होतं. मधुकर माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊच म्हणते, तेव्हाही आणि आजही. लहानपणी तापात त्याचा डावा पाय गेला. तो पाय बारीक राहिला आणि चालताना मागून ओढत येई. शाळेच्या कवायतीत त्याला बाजूला बसवत, क्रिकेटमध्ये धावा मोजायला ठेवत, लग्नाच्या वरातीत पाहुण्यांच्या चपला सांभाळायला सांगत. पण आवाज असा की गल्लीच्या या टोकाला कुजबुजला तर त्या टोकाची म्हातारी "काय म्हणते रे मधू?" म्हणून विचारी. भेसळीच्या बडग्याकडून बोलताना तो म्हणाला होता, "माह्या नावानं बोंबलता काहून? डाळीत खडे मी टाकले म्हणून तुमच्या दातायले व्यायाम तर झाला!" त्या दिवशी आमचा किराणा दुकानदार सगळ्यात मोठ्यानं हसला, आणि तो का हसतो आहे हे कळून बाकीचे आणखी हसले. वर्षातली ती पाच मिनिटं सारी गल्ली मान वर करून भाऊकडे पाहत असे. उरलेलं वर्ष लोक त्याच्या पायाकडे पाहत.

बडग्या तयार व्हायचा आमच्या घरी. बाबा बोर्ड-पेंटर होते. सदर बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायला सायकलीच्या हँडलला डबे अडकवून जात. आमच्या दोन खोल्यांत टर्पेंटाइनचा वास इतका मुरला होता की वरणालाही तो लागतो, अशी आईची तक्रार असे. श्रावण निम्मा झाला की बांबू यायचे. मग आम्ही चौघं बांबूंच्या मधून वाट काढत झोपायचो. कामट्या सोलण्याचा चर्र-चर्र आवाज, चुलीवर रटरटणारी मैद्याची खळ, उंदरांनी कागद खाऊ नये म्हणून त्यात टाकलेला निळा मोरचूद. आई मैद्याचा डबा छातीशी धरून म्हणायची, "हा करंज्यांचा हाये. बडग्याच्या तोंडाले फासाले नाही." आणि बाबा म्हणायचे, "अवं, त्याचं तोंड गोड झालं तर बिघडलं काय?" मला अजूनही कुठं ओल्या कागदाचा आणि खळीचा वास आला की पोटात गुदगुल्या होतात. आमच्या घरात दिवाळीपेक्षा तो सण मोठा होता.

त्या वर्षी टीव्हीवर एक हिंदी मालिका आली होती. टीव्ही शामरावकाकांकडेच. दर रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत इतकी माणसं शिरत की काकूंना स्वतःच्या घरात दारात उभं राहून पाहावं लागे. मालिकेत धरणाचा ठेकेदार होता, धनराज. भोळ्या गावकऱ्यांच्या जमिनी हडपणारा, पुलात कच्चं सिमेंट घालणारा, आणि एका पायानं लंगडा. तो पडद्यावर दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा. काठी आपटे आणि मागून पाय ओढला जाई. टक… सर्र. टक… सर्र. खोलीतली लहान पोरं आईच्या पदराखाली शिरत. मग धनराज यायचा, मिशीवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हमारे यहाँ देर है, माफी नहीं." माझी आई त्याच्यावर लट्टू होती. नायकाचं तोंड पाहून दूध नासतं, असं तिचं मत. "हा धनराज पाहा, धोतराची चूण कशी हाये. बदमाश हाये, पण नीटनेटका हाये."

आठ दिवसांत गल्लीतली पोरं भाऊच्या मागून "टक सर्र, टक सर्र" करत चालू लागली. त्याला ठेकेदार म्हणू लागली. मी तेव्हा दहावीत होते, आंतरशालेय वादविवादाची ढाल नुकतीच जिंकून आणली होती आणि डोक्यात वारं भरलं होतं. एका पोराच्या पाठीत मी दप्तर घातलं. त्याची आई भांडायला आली, माझी आई तिच्या वरताण भांडली, आणि या सगळ्या गोंधळात भाऊ ओट्यावर बसून शेंगा खात होता. मी त्याला म्हटलं, "तुले राग नाही येत?" तो म्हणाला, "काहून येईन वं? आधी लंगड्या म्हणत. आता ठेकेदार म्हणून राहिले. प्रमोशन झालं माहं." मी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तो मनाला लावून घेतो आहे आणि वरवर हसतो आहे, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. वादविवाद करणाऱ्या पोरींना समोरच्याचं मन त्याच्याहून जास्त कळतं, असा त्यांचा समज असतो.

मंडळाची बैठक मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर रविवारी सकाळी असायची. यंदाचा बडग्या धनराज ठेकेदाराचा, हे एकमतानं ठरत होतं. मी उठले. पोरीनं बैठकीत बोलायची पद्धत नव्हती, पण ढाल जिंकलेल्या पोरीला नको म्हणायची हिंमतही कोणाची नव्हती. मी काय बोलले ते मला आज शब्दाला शब्द आठवतं, कारण त्यानंतर आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोलले नाही. मी म्हटलं, सिनेमात पाहा, नाटकात पाहा, आजीच्या गोष्टीत पाहा. वाईट माणूस असला की तो काळा असतो, चकणा असतो, कुबडा असतो, नाहीतर लंगडा असतो. नायकाला साधं पडसं होत नाही! धनराज वाईट आहे तो जमिनी लुबाडतो म्हणून. मग त्याला लंगडा कशाला दाखवला? म्हणजे लंगडा दिसला की लोकांनी समजावं, हा बदमाश! आपल्या गल्लीत एक असा मुलगा आहे, सोन्यासारखा. उद्या आपण लंगडा बडग्या जाळला तर आपण कोणाला जाळतो? शेवटचं वाक्य मी घरून घासूनपुसून नेलं होतं. ते टाकलं. मग टाळ्या पडल्या. एका काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो भावावरच्या मायेचा आहे असं मला वाटत होतं. आज सांगते, निम्मा तो टाळ्यांचा होता.

ठराव झाला. धनराजचा बडग्या होईल, पण दोन्ही पायांनी धडधाकट. शामरावकाका भलते हळवे झाले होते. त्यांनी ठरावाला स्वतःच एक शेपूट जोडलं: "आन यंदा मधूले भाषणाची तकलीफ द्यायची नाही. उगीच पोरं चिडवतीन, त्याच्या मनाले लागन. दिगू बोलन." दिगू म्हणजे पानठेल्यावरचा दिगंबर, तालमीत जाणारा, मांड्या खांबासारख्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण खरं आहे. भाऊचं भाषण माझ्या डोळ्यांसमोर काढून घेतलं आणि मी मान डोलावली.

घरी येऊन मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. आई पोह्यांवर तर्रीचा तिखट रस्सा वाढत होती.  भाऊनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मी नाही बोलायचं?" मी म्हटलं, "तुह्याच भल्यासाठी—" त्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेला. त्याच्या उशीखाली शाळेच्या वहीचे फाडलेले कागद होते. मालिका सुरू झाली त्या दिवसापासून तो धनराजचं भाषण लिहीत होता. ते मला नंतर आईनं दाखवलं.

त्यानंतर भाऊ माझ्याशी बोलेना. एका घरात, दोन खोल्यांत, बांबूंच्या जंगलात, समोरासमोर येऊन न बोलणं ही काय चीज असते ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. तो ओट्यावर शेजारच्या पोराच्या लाकडी बैलाचं मोडलेलं शिंग चिकटवत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या सवयीप्रमाणे वाद घालायलाच लागले. मी तुझ्यासाठी भांडले, तुझ्या पायासाठी भांडले, आणि तू मलाच तोंड फिरवतोस! त्यानं बैल खाली ठेवला.

"माह्या पायासाठी भांडली ना? मग पायाच्या मालकाले विचारलं का?"

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"त्या न्हाव्याच्या दुकानात फिल्मी मासिक पाहिलं मी," तो म्हणाला. "धनराजचा फोटो होता. खराखुरा. घोड्यावर बसून राहिला होता, नले. दोन्ही पाय असे तीरासारखे. लंगड्याचं कामही लंगड्याले नाही भेटत. म्हटलं जाऊ दे, मुंबई दूर आहे. पण इथं तर गल्ली माही होती. वर्षातले पाच मिनिटं माहे होते. ते तू दिगूले देऊन आली."

तो रडला नाही. मी रडले. इतके दिवस मी लंगडा खलनायक दाखवावा की दाखवू नये यावर बोलत होते. त्यात ज्याला खरोखर लंगडत चालावं लागतं त्याला काय हवं, हा मुद्दाच माझ्या टिपणात नव्हता. मला माझी लाज वाटली. नुसती वाटली नाही, ती मला घेऊन धावत सुटली, थेट शामरावकाकांच्या दारी.

काका जेवून सुपारी कातरत होते. मी धापा टाकत म्हटलं, "काका, ठराव मागं घ्या. मी चुकले. मी भाऊले न विचारता बोलले." काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "नले, मागच्या रविवारी तू काय म्हणून राहिली होती? माह्या डोळ्यात पाणी आणलं तू." मी म्हटलं, ते खरं होतं, पण अपुरं होतं. तेव्हा त्यांनी मला रेल्वेतलं तत्त्वज्ञान ऐकवलं. "सुटलेली गाडी मागं घेता येत नाही बेटा. आन आम्ही काय त्याचं वाईट चिंतून राहिलो का? त्या पोराची काळजी आहे म्हणून तर…" मी एकेका घरी गेले. सगळे तेच म्हणाले. काळजी आहे. कोणाशी भांडावं? वाईट माणसाशी भांडायला मला शिकवलं होतं. या भल्या माणसांच्या काळजीपुढं माझ्या ढालीचा काही उपयोग होईना. चार दिवसांपूर्वी जिंकलेला वाद मी घरोघर फिरून हरत आले.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरणपोळी झाली, कढी-वडे झाले. जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा कमी बोलणारे. त्यांनी फक्त विचारलं, "तो बोलतो म्हणाला का?" मी म्हटलं, "मागायले नाही जाणार म्हणाला." बाबांनी हात धुतले आणि विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती जळक्या बांबूच्या वासानं. अंगणात चूल पेटली होती. बाबांनी बडग्याचा डावा पाय कंबरेपासून सोडवून घेतला होता आणि मधला बांबू जाळावर धरून, ओलं फडकं लावत, गुडघ्यावर दाबून वाकवत होते. बांबू वाकवायचा तर घाई चालत नाही, नाहीतर तो काडकन मोडतो. जरा तापवायचा, जरा दाबायचा, पुन्हा तापवायचा. आई शेजारी पाण्याची बादली घेऊन उभी होती. मी डोळे चोळत म्हटलं, "बाबा, ठराव?" ते म्हणाले, "ठराव त्यायचा. पाय माहा." वाकलेला पाय त्यांनी पुन्हा बसवला, धोतर नेसवलं आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. अंगणात धनराज ठेकेदार उभा होता, मिशीसकट, एका अंगानं कललेला. आई म्हणाली, "चूण नीट घाला धोतराची."

मी आत धावले. भाऊ कॉटवर पडून छताकडे पाहत होता. मी म्हटलं, "भाऊ, मी सगळ्यायच्या घरी जाऊन हरून आली. कोणी ऐकत नाही. पण बाबांनी पाय वाकवला आहे. माह्यानं एवढंच झालं. पुढचं तू पाहा." त्यानं कूस बदलली.

तिसऱ्या प्रहरी हातगाडी निघाली. डफ, ताशे, थाळ्या, जे हाताला लागेल ते वाजत होतं. पोरांनी लाकडी बैल डोक्यावर धरले होते. गुलालानं सगळ्यांची तोंडं सारखी झाली होती. "माश्या-मच्छर घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" शामरावकाकांची नजर बडग्याच्या पायाकडे गेली आणि ते गाडीपाशी बाबांजवळ आले. "हे काय भाऊसाहेब? पाय कसा वाकला?" बाबा शांतपणे म्हणाले, "उन्हानं." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. आजूबाजूचे हसले आणि काकांना पुढं काही म्हणता आलं नाही. मी गर्दीत सगळीकडे शोधत होते. भाऊ नव्हता. मैदान आलं तरी नव्हता. 

काकांनी शिट्टी मारली. "बडग्याकडून कोण बोलणार?" दिगू गाडीवर चढून कधीचा उभा होता, घामानं न्हालेला. दुसरी शिट्टी. "बडग्याकडून कोण बोलणार?" दिगूनं तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी तिसऱ्यांदा शिट्टी तोंडाला लावली, आणि गर्दीच्या मागून आवाज आला.

टक… सर्र.

आधी मागचे गप्प झाले, मग मधले. टक… सर्र. टक… सर्र. माणसं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून वाट झाली. भाऊ येत होता. बाबांचं लग्नातलं धोतर नेसलेला, काजळाची मिशी काढलेला, हातात बाबांची रंगकामाची काठी. त्यानं पाय लपवला नाही, उलट चांगला मातीत रेघ ओढत आणला. पदराखाली शिरायची ती पोरं किंचाळत नाचायला लागली. गाडीपाशी येऊन त्यानं मिशीवर बोट फिरवलं आणि वर पाहिलं. दिगूनं टुणकन उडी मारली. "ये बा, ये! आठ दिवसांपासून पाठ करून राहिलो, एक शब्द ध्यानात नाही राहिला!" काकांच्या हातात हिरवी झेंडी होती. त्यांनी भाऊकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि झेंडी वर केली.

"जाळा मले," भाऊ म्हणाला. एवढ्या मोठ्या मैदानात तो हळू बोलला आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "बिलकुल जाळा. मी चोर आहे. जमिनी लुबाडल्या, या हातानं. खोटं बोललो, या तोंडानं. सगळं कबूल. पण माह्या पायानं काय केलं जी? पाय बिचारा मागं मागं राहिला. मी चोरीले गेलो तं तो सगळ्यात शेवटी पोचला. तो येईपर्यंत चोरी होऊन जात होती! साक्षीदारही नाही तो!" टरफलं मारायला उचललेले हात हवेतच राहिले. लोक पोट धरून हसत होते. "आन एक सांगतो. त्या पुलाच्या कामात मी एकटा होतो का? इंजिनेर होता, साहेब होता, पुढारी होता. पोलीस आले तवा सगळे पळाले. ज्यायचे दोन्ही पाय धड होते ते पळून गेले. सापडलो तो मी." हशा उसळला आणि मध्येच कुठंतरी अडकला. "म्हणून तुमच्या टीव्हीत बदमाश लंगडा दिसते. धडधाकट बदमाश सापडतच नाही ना!"

मग तो जे बोलला त्यात काही हसण्यासारखं होतं, काही नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं सगळं पाणी-पाणी झालं होतं, पण आनंद इतका झाला होता की शेजारच्या काकूंचा हात धरून मी उड्या मारत होते. पाच मिनिटं झाली. सहा झाली. काकांच्या हातातली लाल झेंडी खालीच होती. चाळीस वर्षं गाडी सेकंदावर सोडलेल्या माणसानं त्या दिवशी घड्याळाकडे पाहिलंच नाही. भाऊ स्वतःच थांबला, म्हणाला, "हमारे यहाँ देर है, माफी नहीं," आणि मान खाली घालून उभा राहिला.

काकांनी तिथल्या तिथं, गाडीच्या चाकाशी उभं राहून, ठराव मांडला: बडग्याचा पाय निर्दोष सोडण्यात यावा. साऱ्या मैदानानं हात वर केले. बाबा कोयता घेऊन गाडीवर चढले, सकाळी स्वतःच वाकवलेला पाय त्यांनी कंबरेपासून कापला आणि भाऊच्या हातात दिला. मग काडी लागली. एका पायाचा धनराज धडधडत पेटला आणि भाऊ खांद्यावर बांबूचा पाय टाकून घरी आला. वाटेत मी त्याच्या बाजूनं चालत होते. म्हटलं, "भाऊ, चुकलंच माहं." तो म्हणाला, "तू बोलली ते खोटं नव्हतं वं. माह्यासाठी काही ठेवलं नाही, एवढंच." ओट्यावर आईनं दोघांवरून मीठ-मिरची उतरवली आणि पहिली करंजी त्याच्या हातावर ठेवली.

भाऊ पुढं बुटीबोरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर झाला, तिथंच निवृत्त झाला. आता आम्ही नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत शेजारी-शेजारी राहतो. तो पाय त्याच्या घरी आहे. शेवग्याच्या शेंगा पाडायला त्याच्यासारखी आकडी नाही. त्याची नात ईरा कॉलेजात आहे. गेल्या महिन्यात एका वेब सिरीजमधल्या भाजलेल्या चेहऱ्याच्या खलनायकावरून ती आणि तिचा भाऊ जेवणाच्या टेबलावर जुंपले. ती म्हणत होती, असं दाखवणं बंद केलं पाहिजे. तो म्हणत होता, तुमच्या या पोलिटिकली करेक्टपायी खलनायकच उरायचे नाहीत. दोघांचे आवाज असे चढले की माझं रक्त सळसळलं. पंधराव्या वर्षीची मीच समोर बसून ओरडते आहे असं वाटलं. मी अजूनही ईराच्याच बाजूची आहे. नायकाला साधं पडसं आजही होत नाही. पण भाऊनं वरणभात कालवता कालवता एवढंच विचारलं, "ज्याचा चेहरा भाजलेला हाये अशा कोणाले विचारलं का वं तुम्ही?"  ईरानं हातातला फोन हळूच खाली ठेवला.

म्हणून या वेळी मी आधी विचारलं. हे प्रकरण लिहून झाल्यावर भाऊच्या घरी गेले आणि त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होता. दप्तर घातलं तिथं हसला, बाबांनी बांबू वाकवला तिथं त्यानं चष्मा पुसला. संपलं तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

"बाकी ठीक हाये," तो म्हणाला. "माहं भाषण छोटं केलं तू. मी याच्याहून जास्त बोललो होतो."

"सगळं मावत नव्हतं रे, भाऊ."

तो काठी टेकत उठला आणि आत निघाला. दारात थांबून म्हणाला, "बडग्यालेही पूर्ण पाच मिनिटं भेटत होते, नले."